कायम ‘दुसरा चान्स’ मिळणारा लुईजी हिरो झाला, तोही भुतांच्या बंगल्यात

धुळ्याचं देवपूर असो की जळगाव, नव्वदच्या दशकातल्या घरांत टीव्ही गेमचा एक नियम ठरलेला असायचा. पहिला रिमोट मोठ्या भावाचा. त्याचा मारिओ मेला की मगच धाकट्याचा चान्स. आणि धाकट्याला मिळायचा लुईजी.

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला हा लुईजी म्हणजे मारिओच, पोशाखाचा रंग तेवढा वेगळा. त्याला स्वतःची अशी ओळखच नव्हती. ती त्याला ठळकपणे मिळाली २००१ मध्ये, ‘लुईजीज मॅन्शन’ या गेममुळे.

गोष्ट काय आहे?

लुईजीला एका स्पर्धेत चक्क बंगला बक्षीस मिळतो. गंमत म्हणजे त्या स्पर्धेत त्याने भागच घेतलेला नसतो. आधी पोहोचलेला मारिओ गायब असतो आणि बंगला भुतांनी भरलेला असतो. मग प्रोफेसर ई. गॅड नावाचे एक विक्षिप्त म्हातारे संशोधक लुईजीच्या हातात टॉर्च आणि पाठीवर व्हॅक्यूम क्लीनर देतात. भावाला शोधायचं तर याच्यावरच भागवायचं!

निन्टेन्डोचा ‘गेमक्यूब’ जपानमध्ये १४ सप्टेंबर २००१ रोजी बाजारात आला, त्याच दिवशी हा गेमही आला. दिग्दर्शक होते हिदेकी कोन्नो आणि निर्माते मारिओचे जनक शिगेरू मियामोतो.

आज खेळायला मजा का येते?

पहिलं कारण म्हणजे भुतं पकडायची पद्धत. टॉर्चचा उजेड अचानक अंगावर पडला की भूत दचकतं आणि त्याचं काळीज दिसतं. तेवढ्यात व्हॅक्यूम सुरू करायचा. भूत पळतं त्याच्या उलट दिशेला ओढत राहायचं. पतंगाच्या पेचासारखी ही ओढाताण आजही जुनी वाटत नाही.

दुसरं कारण म्हणजे उजेड. खोलीतली भुतं संपली की दिवे लागतात आणि जीव भांड्यात पडतो. पण पुढे एका टप्प्यावर वीज पडते आणि अख्ख्या बंगल्याची लाइट जाते. मग अंधारात तळघरातल्या मेन स्विचपर्यंत पोहोचायचं. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या खान्देशी पोरांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण आहे खुद्द लुईजी. तो घाबरतो आणि ते लपवत नाही. दार उघडताना त्याचा हात थरथरतो. अंधारात तो धीर यावा म्हणून गेमचीच धून गुणगुणतो, तर उजेड झाला की तीच धून शिट्टीवर वाजवतो. बटण दाबलं की ‘मारिओ...’ अशी हाक मारतो. या हाकेचा खेळात तसा काही उपयोग नाही, पण ती ऐकली की कळतं, हा बंगल्यासाठी नाही, भावासाठी थांबलाय.

मग टीका कशावर झाली?

गेम काही तासांतच संपतो, ही तेव्हाची मोठी तक्रार होती. आज शंभर-शंभर तासांच्या गेम्समध्ये नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना हीच गोष्ट सोयीची वाटते.

२०१८ मध्ये हा गेम ‘थ्रीडीएस’वर नव्याने आला. त्याचा तिसरा भाग २०१९ मध्ये ‘स्विच’वर आला. सुरुवात मात्र पहिल्यापासूनच करा. आणि घरात धाकटा भाऊ असेल, तर या वेळी पहिला रिमोट त्याला द्या.