नेल गन घेताना पारख कशाची करावी?

पोत्यात परखी घालून मूठभर दाणे हातावर घेतल्यावाचून आपण व्यापारी मालाचा भाव बोलत नाही. परंतु जो जिन्नस आपल्या पेढीवरचा नव्हे, तो घेताना ही शिस्त सुटते, याचा प्रत्यय आम्हांस घराच्या दुरुस्तीच्या वेळी आला.

माडीवरच्या तक्तपोशीचे व कपाटांचे काम पर्युषणापूर्वी उरकावे, अशी आमची घाई होती. म्हणून हवेच्या दाबावर खिळे मारणारी नेल गन आम्हीच सुतारांस आणवून दिली, आणि तीही केवळ किंमत पाहून. गनच्या तोंडाशी एक रक्षक दांडी असते. ती लाकडावर दाबली गेल्यावाचून खिळा सुटू नये, अशी योजना असते. आमच्या गनची दांडी चौथ्याच दिवशी अडकू लागली. काम थांबू नये म्हणून कारागिरांनी ती तारेने बांधून टाकली. ते आम्ही पाहिले व गप्प राहिलो. दुसऱ्याच दिवशी शिडीवरून उतरताना एका तरुण कारागिराचे बोट चापावर दाबले गेले आणि खिळा त्याच्या डाव्या तळहातात शिरला. उपचाराचा खर्च व रोजमुरा आम्ही दिला; पण दीड महिना त्याची मूठ मिटत नव्हती.

तेव्हापासून चौकशी करून जे समजले, ते बंधूंपुढे ठेवतो.

प्रथम काम ठरवावे. गेजचा आकडा वाढतो तसा खिळा बारीक होतो. शोभेच्या पट्ट्या व पातळ प्लायवूड यांस १८ गेज पुरतो. ‘एफ ३०’ गन असे १० ते ३० मिलिमीटरचे खिळे मारते. अधिक जाड लाकडास १६ गेजची ‘टी ५०’ घ्यावी. तिचे खिळे २० ते ५० मिलिमीटरचे असतात.

दुसरे, चापाची जात विचारावी. एका जातीत तोंड टेकवून मगच चाप ओढावा लागतो, व प्रत्येक खिळ्यास तो सोडून पुन्हा ओढावा लागतो. दुसरीत चाप दाबून ठेवला की तोंड टेकेल तेथे खिळा सुटतो. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात नेल गनच्या दुखापतींमुळे दर वर्षी सुमारे ३७,००० माणसे इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आली. तेथील सरकारी संस्थांच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत दुसऱ्या जातीत धोका दुप्पट सांगितला आहे. म्हणून पहिलीच घ्यावी. जिला दांडीच नाही, ती घेऊ नये.

तिसरे, दुकानातच कॉम्प्रेसर लावून पाच-पन्नास खिळे मारवून पाहावेत. खिळा अडकतो का, सांध्यातून हवा निसटते का, दांडी चटकन परत येते का, हे पाहावे. आतील रबरी कड्या व खिळा ढकलणारे पोलादी पाते सुटे मिळते ना, हेही विचारावे.

वापरताना गनवर छापलेल्या मर्यादेपलीकडे दाब नेऊ नये. ऑक्सिजनचे सिलिंडर कदापि जोडू नये, स्फोट होतो. अडकलेला खिळा काढण्यापूर्वी हवेची नळी सोडवावी. डोळ्यांस संरक्षक चष्मा असावा.

आपल्या धर्माने प्रमादास हिंसेचे मूळ मानले आहे. तार कारागिराने बांधली; प्रमाद आमचा होता. ज्या बंधूंच्या घरी वा गोदामात असे काम निघेल, त्यांनी गन कोणाचीही असो, रोज सकाळी नळी सोडवून ती दांडी स्वतः दाबून पाहावी आणि अडकत असल्यास ती गन बाजूस ठेवावी, एवढीच आमची नम्र विनंती.