प्रश्न विचारला, की सांगितला?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० मध्ये सुरुवात झाली. तरीही 'इनडायरेक्ट स्पीच'मध्ये प्रश्नार्थक वाक्य आले, की जळगाव-धुळ्यातील मराठी माध्यमाचे अनेक विद्यार्थी अडखळतात. याचे मूळ आळसात नसून मातृभाषेच्या सवयीत आहे.

'तू काय करतोस, असे त्याने मला विचारले' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. मूळ प्रश्न जसाच्या तसा उचलून त्याला 'असे' जोडले, की काम भागते. घरात अहिराणीतून 'काय करी राहिना?' ऐकणाऱ्या मुलाचीही सवय तीच.

इंग्रजी मात्र प्रश्न मोडून त्याचे विधान करते. 'व्हॉट आर यू डूइंग?' याचे 'ही आस्क्ड मी व्हॉट आय वॉज डूइंग' असे रूपांतर होते. 'यू'चा 'आय' आणि 'आर'चा 'वॉज' हे बदल विद्यार्थी पाठ करतात. कर्ता क्रियापदाच्या आधी आणायचा, हे विसरतात आणि 'व्हॉट वॉज आय डूइंग' लिहून गुण गमावतात. प्रश्नासाठी आलेले 'डू', 'डज', 'डिड' तर नाहीसेच होतात. 'व्हेअर डू यू लिव्ह?' याचे 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' होते. शेवटी प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम.

हो-नाही उत्तराच्या प्रश्नात दुसरा खड्डा आहे. 'जेवलास का?' यातील 'का' मराठीत शेवटी येतो. इंग्रजीत त्याच्या जागी आरंभी 'इफ' किंवा 'व्हेदर' लागतो: 'शी आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन.' मराठीतील 'की' डोक्यात असल्याने काही जण 'दॅट इफ' लिहितात, ते चूक.

काळ बदलण्याचा नियम शाळेत सांगतात तितका कठोर नाही. उत्तर आजही खरे असेल, तर 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह' हेही इंग्रजीत चालते. परीक्षेत मात्र काळ बदललेला बरा.

हा नियम केवळ परीक्षेपुरता नाही. धुळ्याची बस कधी सुटते, हे परक्या गावी नम्रपणे विचारायचे, तर 'कॅन यू टेल मी व्हेन द बस लीव्ह्ज?' असेच म्हणावे लागते. तेथे 'व्हेन डज द बस लीव्ह' चालत नाही. नोकरीच्या मुलाखतीत अशी वाक्ये पदोपदी लागतात.