नायट्रोवर धावणारी खेळगाडी : इंजिन का अडते व कसे सुधारावे

हातातल्या पेटीने दुरून चालवायच्या खेळगाड्या आता खेड्यांतही येऊ लागल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक बॅटरीवर चालतात. पण आज आपण ज्या गाडीचा विचार करणार आहोत, ती खेळण्याच्या आकाराची असली तरी खेळणे नव्हे. शर्यतीचा नायट्रो ट्रक म्हणजे खऱ्या ट्रकाच्या आठव्या किंवा दहाव्या हिश्शाची गाडी. वजन चार-पाच किलो, वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात, आणि पोटात खरेखुरे दोन-स्ट्रोक इंजिन! अमेरिकेतल्या ट्रॅक्सस कंपनीचा टी-मॅक्स हा ट्रक १९९९ साली निघाला आणि असल्या मोठ्या चाकांच्या ट्रकांचा शौक जगभर वाढला.

हे इंजिन अडले की नवशिका माणूस काय करतो? हाती लागेल तो स्क्रू पिळतो. मग मूळ दोष कोणता आणि आपण केलेला कोणता, हेच कळेनासे होते. म्हणून आधी इंजिन चालते कसे ते पाहू. दुरुस्ती त्यातूनच उमगेल.

मोटारसायकलीच्या इंजिनात ठिणगी पडून पेट्रोल पेटते. या चिमुकल्या इंजिनात ठिणगीच नाही. त्याच्या डोक्यावर एक ग्लो प्लग असतो आणि त्यात प्लॅटिनम मिश्रधातूच्या तारेचे बारीक वेटोळे. असे प्लग अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास बाजारात आणले. सुरू करताना दीड व्होल्टच्या सेलने ही तार लाल करावी लागते. एकदा इंजिन चालू झाले की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगाने व आतल्या उष्णतेने तार आपोआप लाल राहते.

इंधनही वेगळे. त्यात मुख्यत्वे मिथेनॉल, साधारण शेकडा वीस नायट्रोमिथेन, आणि बाकी तेल. नायट्रोमिथेन आपला प्राणवायू बरोबरच घेऊन येते. म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळते व जोर वाढतो. तेलात पुष्कळदा एरंडेल असते. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, तेव्हा हा घटक आपल्या ओळखीचाच.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या इंजिनात तेलाचा वेगळा साठा नाही. जे वंगण मिळते ते इंधनातूनच. म्हणजे इंधन कमी पडले की इंजिन तापते आणि त्याच वेळी वंगणही घटते. मिनिटाला तीस हजार फेरे घेणारा पिस्टन कोरडा फिरू लागला तर इंजिन निकामी व्हायला फार वेळ लागत नाही. हवेच्या मानाने इंधन कमी पडले तर आपण इंजिन 'उपाशी' आहे म्हणू. इंधन जास्त झाले तर त्याला 'अजीर्ण' झाले म्हणू. अजीर्ण झालेले इंजिन धूर सोडते, अडखळते, पण सहसा मरत नाही. उपाशी इंजिन क्षणभर जोरात किंचाळते आणि मग मरते. शंका आली तर इंजिन थोडे अजिर्णाच्या बाजूला ठेवावे.

आता दोष शोधण्याचा क्रम.

इंजिन सुरूच होत नसेल तर पहिल्याने प्लग काढा व सेलला लावून पाहा. सगळे वेटोळे झगझगीत लाल झाले पाहिजे. तार मंद दिसली तर सेल भारून घ्या; तरीही मंदच राहिली तर प्लग बदला. तार ठीक असेल तर इंधन पोचते का ते पाहा. सायलेन्सरमधून एक नळी टाकीत येते; तिच्यातल्या दाबाने इंधन कार्ब्युरेटरकडे ढकलले जाते. टाकीचे झाकण सैल असेल किंवा नळीला भेग असेल, तर हा दाब राहत नाही.

सुरू करण्याची दोरी ओढली आणि ती मध्येच घट्ट अडकली, तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये इंधन साचलेले असते. पातळ पदार्थ दाबला जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. अशा वेळी प्लग काढा, गाडी उलटी धरा आणि दोरी पाचसहा वेळा ओढून साचलेले इंधन बाहेर काढा. त्या वेळी प्लगच्या भोकासमोर तोंड नेऊ नका.

सेल काढताच इंजिन बंद पडत असेल, तर प्लग कमजोर आहे किंवा इंधन जास्त जाते आहे. एकाच जागी ठेवलेले इंजिन आपोआप कमी-जास्त होत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा शिरते आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि इंजिनच्या मागच्या झाकणाशी पाहा.

इंजिन नवे असेल तर पहिल्या चार-पाच टाक्या इंधन जास्त ठेवून, दमाने चालवा. थंड असताना पिस्टन वरच्या टोकाशी घट्ट बसतो, कारण तिथे सिलिंडर मुद्दाम किंचित अरुंद केलेला असतो. गरम झाल्यावर तो बरोबर मोकळा होतो. म्हणून सुरू करण्याआधी इंजिनचे डोके कोमट करून घेतलेले बरे.

मग येते जुळवणी. कार्ब्युरेटरवर दोन मुख्य स्क्रू असतात. एक भर वेगाचे इंधन ठरवतो, दुसरा मंद वेगाचे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की इंधन कमी, उलट फिरवला की जास्त. इंजिन चांगले गरम झाल्याशिवाय यांना हात लावू नका. आधी भर वेगाचा स्क्रू घ्या. एका वेळी घड्याळाच्या एका तासाइतकाच फिरवा, गाडी दोन फेऱ्या पळवा, मग पुन्हा पाहा. भर वेगात सायलेन्सरमधून निळसर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. धूर नाहीसा झाला की समजावे, इंजिन उपाशी आहे.

उष्णता मोजण्याचे यंत्र असेल तर डोक्याचे तपमान साधारण १०५ ते १२५ अंश सेल्सिअस असावे. यंत्र नसेल तर डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो चर्रकन उडून गेला तर इंजिन फार तापले आहे. तीन-चार सेकंदांत आटला तर ठीक. नुसताच बसून राहिला तर इंजिन थंड आहे.

मंद वेगाची परीक्षा अशी : गाडी जागीच मंद चालू ठेवून इंधनाची नळी चिमटीत दाबा. इंजिन दोन-तीन सेकंद चालून, किंचित वेग घेऊन बंद पडले तर जुळवणी बरोबर. लगेच मेले तर इंधन कमी. बराच वेळ चालून वेग चढत गेला तर जास्त.

ही जुळवणी कायमची नसते. पहाटेची थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त. म्हणून कालचे इंधन आज अपुरे पडते आणि स्क्रू थोडा उघडावा लागतो. महाबळेश्वरासारख्या सुमारे १३५० मीटर उंचीच्या ठिकाणी हवा विरळ. तिथे उलट, थोडा बंद करावा लागतो.

आता सुरक्षिततेविषयी. आधी हातातली पेटी चालू करावी, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग पेटी. गाडीचा संदेश तुटला तर आपोआप ब्रेक लागण्याची सोय असते. ती चाके उचलून आधी तपासा. पण गाडीतली बॅटरीच संपली तर ही सोयही लंगडी पडू शकते. म्हणून कार्ब्युरेटर आपोआप मिटवणारी स्प्रिंग जागेवर आहे ना, ते पाहा. चाकांच्या चकत्या घट्ट करा. मैदान मोकळे हवे आणि बघणारी मुले चालवणाऱ्याच्या मागे.

सर्वांत मोठा धोका इंधनाचा. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ साली मुंबईतील मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. म्हणून नळीला तोंड लावून इंधन कधीही ओढू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते भरू नका. मूळ डबा कुलपात ठेवा. चुकून कोणी प्यायले तर त्रास होण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला माणूस बराही वाटतो, म्हणून त्याला ताबडतोब इस्पितळात न्या आणि इंधनाचे नाव डॉक्टरांना सांगा. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, हेही विसरू नका. आच लागते पण जाळ दिसत नाही. जवळ भरपूर पाणी ठेवा आणि बंद खोलीत इंजिन चालवू नका.

खेळ संपला की टाकी रिकामी करा, उरलेले इंधन इंजिन चालवून जाळून टाका आणि प्लगच्या भोकातून दोन-चार थेंब तेल सोडा. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषते. तो आत राहिला की बेअरिंगांना गंज चढतो.

शिक्षकबंधूंनी आपल्या मुलांकडून एक वही जरूर ठेवून घ्यावी. तारीख, हवा कशी होती, स्क्रू किती फिरवला, तपमान किती आले, एवढे लिहावे आणि एका वेळी एकच बदल करावा. हीच पद्धत उद्या शेतातल्या फवारणी पंपाचे दोन-स्ट्रोक इंजिन अडले तरी उपयोगी पडेल. तिथे ठिणगी आहे आणि पेट्रोल आहे, पण आग, इंधन आणि हवा या तिघांपैकी कोण कमी पडले, हा प्रश्न तोच असतो.