घरचा संगणक (लेखांक ७) : आधी नक्कल, मग वेग

जुना संगणक मंद झाला म्हणजे घरातील तरुण मंडळी प्रथम त्यावरील ‘फालतू’ फायली पुसण्याच्या मागे लागतात, आणि ज्यांचा तो संगणक असतो ते वडीलधारे गृहस्थ, आपल्याला यातले काही कळत नाही अशा संकोचाने, शेजारच्या खुर्चीवर मुकाट्याने बसून राहतात. हा क्रम उलटा करावा, मालकाला विचारल्यावाचून एक अक्षरही पुसू नये आणि वेगाचा विचार नक्कल हाती आल्यानंतरच करावा, असे माझे ठाम मत आहे.

मिरजेच्या माझ्या मामांचा संगणक २०१२ सालचा, चार जीबी रॅमचा आणि पाचशे जीबी हार्ड डिस्कचा. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याचे काम अंगावर घेतले, आणि वंशावळी, नातलगांच्या हकिकती, जुन्या खतांची व सनदांची छायाचित्रे असा सारा ऐवज त्या एका पेटीत साठला. अलीकडे ते सकाळी बटण दाबून पूजेला बसत आणि पूजा आटोपेपर्यंत पडदा कामाला तयार होई.

या दिरंगाईचे मूळ बहुधा प्रोसेसरात नसते, ते हार्ड डिस्कमध्ये असते. ही चुंबकीय लेपाची तबकडी मिनिटाला सामान्यतः ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारे शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात, आणि हवा तो भाग फिरत त्याच्याखाली येईपर्यंत आणखी सुमारे चार. तेव्हा विखुरलेल्या ठिकाणांहून मजकूर गोळा करावयाचा असता सेकंदाला शंभर मागण्याही तिच्याने पुऱ्या होत नाहीत. आणि विंडोज तर सुरू होतानाच हजारो लहान फायली मागते. रॅम अपुरी पडली की तिच्यातला मजकूरही याच तबकडीवर उतरवला जातो, त्यामुळे मंदपणा दुणावतो.

परंतु मंदपणाचे आणखी एक कारण असते आणि तेच खरे चिंतेचे. तबकडीचा एखादा सेक्टर निकामी होऊ लागला म्हणजे डिस्क तो वाचण्याचा पुनःपुन्हा यत्न करते व तेवढा वेळ पडदा निश्चल राहतो. अशा सेक्टरांची नोंद डिस्क स्वतःच ठेवते. ‘स्मार्ट’ नावाचे हे दप्तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने उघडून पाहता येते, आणि त्यातील ‘रीअलोकेटेड’ व ‘पेंडिंग’ या सदरांखाली वाढता आकडा दिसला तर ती डिस्कने दिलेली आगाऊ नोटीसच समजावी. मामांच्या डिस्कवर ‘पेंडिंग’चे सदर रिकामे नव्हते. अशा डिस्कवर डिफ्रॅगमेंट चालवणे हा मोठाच अविचार, कारण त्यात हजारो फायली जागच्या हलवल्या जाऊन आजारी तबकडीवर नसता ताण येतो.

म्हणून सर्वांआधी नक्कल केली, आणि तीही महत्त्वाच्या अनुक्रमाने : प्रथम कुलवृत्तांत, मग छायाचित्रे, शेवटी बाकीचे. जुन्या यूएसबी २.० जोडणीतून सेकंदाला तीसएक एमबीच जातात, त्यामुळे दोनशे जीबीस दोन तासांच्या आसपास लागतात. या अवधीत मामांना विचारून कोणती फाईल कोठे आहे याची यादी करून घेतली. ‘बॅकअप’ त्यांनी यापूर्वीच केला होता, पण तो सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर. ही चूक घरोघरी आढळते. सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच पेटीचे दोन कप्पे असतात, आणि पेटी जळाली तर दोन्ही जातात.

नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावाचून तिची खातरजमा होत नाही. मामांचा मजकूर श्रीलिपीत टंकलेला असल्याने माझ्या लॅपटॉपवर वंशावळीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसला. अशा जुन्या पद्धतींत देवनागरी अक्षरांना स्वतंत्र संकेतांक नसत; इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवरच मराठी आकृत्या बसवलेल्या असत, आणि फाँट गेला की मजकूर हाती असूनही वाचता येत नाही. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय झाली, तरी आपल्या छापखान्यांत, शाळांत व घरांत पुढेही कित्येक वर्षे जुन्याच फाँटांत लिहिले गेले. त्या काळचे मराठी लेखन वाचवावयाचे असेल तर दस्तऐवजांबरोबर फाँटही जपावेत, प्रत्येक प्रकरणाची फाँटसह पीडीएफ करावी आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे व रफार बिघडतात. या कामी कंटाळा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एवढे झाल्यावर वेगाचे काम सोपे. जुन्या डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारा भागच नसल्याने ती सेकंदाला हजारो मागण्या पुरवते. चार जीबीची आणखी एक डीडीआर३ रॅम घातली (डीडीआर४ त्या खाचेत बसत नाही), आणि पंख्यावरची धूळ झाडली, कारण तापलेला प्रोसेसर आपण होऊन गती उतरवतो. विंडोज नव्याने घातल्यामुळे जुन्या डिस्कवर काही पुसावे लागले नाही; तारखेची चिठ्ठी लावून ती कपाटात ठेवली.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम असा की मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. त्यानुसार एक बाह्य हार्ड डिस्क मामांकडे राहिली व दुसरी पुण्यास मामेबहिणीकडे गेली. मामांकडील डिस्क काम संपताच संगणकापासून सोडवून ठेवावी. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारख्या खंडणीखोर विषाणूंची लागण झाली असता जोडलेली नक्कलही मूळ प्रतीबरोबरच कुलूपबंद होते. कपाटातील दीर्घ साठवणीस एसएसडी वापरू नये, कारण वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तिच्यातील विद्युद्भार ओसरू लागतो.

राहता राहिला प्रश्न मामांच्या संगणकावरील विंडोज १० चा. त्याच्या सर्वसाधारण सुरक्षादुरुस्त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि मामांच्या यंत्रातील प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. तेथे लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली घालून मराठी टंकलेखनाची सोय कशी लावावी, याचा तपशील पुढील लेखांकी देईन. तोवर मामांना त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत एवढे बजावून ठेवले आहे.