दहावा माणूस कुठाय?

नव्या बाइकचा नंबर मिळाला की आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते? बेरीज! नऊ आले तर पेढे, आठ आले तर चेहरा पडलेला. ऑफिसच्या टॉवरमधल्या लिफ्टची बटणंही एकदा नीट बघा. बऱ्याच ठिकाणी १२ नंतर एकदम १४ येतं, नाहीतर मधे '१२-ए' नावाचा एक लाजाळू मजला असतो. ज्या बिल्डरने हे केलं त्याच्या घरात तेराव्याचं जेवण सोडलं तर १३ या आकड्याचं काही वाकडं नसणार. पण भीती इम्पोर्टेड असली की तिला जास्त भाव!

या भीतीचं नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे येशूचं शेवटचं भोजन. येशू आणि बारा शिष्य, एकूण तेरा जण जेवायला बसले आणि त्यातल्याच एकाने, यहूदाने, दगा दिला. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी येशूला क्रुसावर चढवलं. म्हणून तेरा वाईट आणि शुक्रवारी आलेली १३ तारीख तर फारच वाईट.

आता गंमत बघा. त्या जेवणाला बसलेले तेराच्या तेरा जण ज्यू होते. आणि ज्यूंकडे तेरा हा एकदम लाडका आकडा आहे! मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याचा बार मिट्झवा होतो, म्हणजे धर्माच्या हिशेबात तो मोठा झाला, आता त्याची जबाबदारी त्याच्यावर. देवाच्या दयेची लक्षणं तेरा. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या मोठ्या विद्वानाने श्रद्धेची तत्त्वं मांडली, तीही तेराच. आणि हिब्रूत प्रेमाला 'आहवा' म्हणतात, त्या शब्दाची बेरीजही होते तेरा.

शब्दाची बेरीज? होय. सगळा फंडा इथेच आहे.

जुन्या हिब्रूत आकड्यांना वेगळी चिन्हं नव्हती. अक्षरंच आकड्यांचं काम करायची. आलेफ म्हणजे १, बेत म्हणजे २, असं करत दहा, मग दहा-दहाच्या उड्या मारत शंभर, मग दोनशे, तीनशे आणि शेवटचं ताव हे अक्षर म्हणजे ४००. ग्रीकांचंही तसंच. त्यामुळे प्रत्येक शब्द हा आपोआप एक संख्या असायचा, आणि दोन शब्दांची बेरीज सारखी आली की लोक कान टवकारायचे. या प्रकाराला गेमॅट्रिया म्हणतात. आपल्याकडच्या कटपयादी पद्धतीतही अक्षरांना आकडे असतात, तेव्हा आपल्याला हे अगदीच परकं वाटायचं कारण नाही.

'हाय' (लिहितात खेत आणि योद, ८ अधिक १०) म्हणजे जिवंत, बेरीज १८. म्हणून ज्यू लग्नात किंवा बार मिट्झवाला आहेर करताना अनेकजण १८ च्या पटीत पैसे देतात. १८, ३६, १८० वगैरे. पाकिटात १०१ घालणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. आपण वरचा एक रुपया घालतो, ते आयुष्य घालतात.

उलटाही प्रकार आहे. पंधरा लिहायचे तर सरळ १० आणि ५ लिहावेत. पण ती दोन अक्षरं शेजारी आली की देवाच्या नावाचा भाग तयार होतो. ते नाव तारखेसाठी वापरायचं? छे! म्हणून पंधरा लिहितात ९ आणि ६ ची अक्षरं घेऊन. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी झाडांचा सण असतो, त्याचं नाव 'तू बिश्वात', त्यातला 'तू' म्हणजे हेच नऊ अधिक सहा. त्या दिवशी आपले बेने इस्रायली अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटावरच्या नव्हे) जातात. प्रेषित एलियाचा रथ तिथून स्वर्गात गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून मलिदा करतात.

हे सगळं कळल्यावर मी पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसले ती ६६६ साठी. हॉलिवुडने या आकड्यावर बक्कळ पैसा केला, पण मूळ प्रकरण त्यापेक्षा कितीतरी भारी आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, एका श्वापदाचा आकडा ६६६ असल्याचं सांगितलंय आणि वर म्हटलंय की ज्याला अक्कल आहे त्याने हिशेब करावा, हा माणसाचा आकडा आहे. म्हणजे सैतानाचा नाही, माणसाचा! कुठल्या? बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात रोमच्या नीरोकडे. 'नेरोन केसर' हे हिब्रू अक्षरांत लिहा आणि मांडा : ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. मी केली बेरीज. बरोब्बर ६६६.

आणि पुढचा पुरावा तर क्राइम थ्रिलरमधला वाटतो. काही जुन्या हस्तलिखितांमध्ये हा आकडा ६६६ नसून ६१६ आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पपायरसच्या तुकड्यातही ६१६ च आहे. लिहिणाऱ्याची चूक? असेलही. पण लॅटिन बोलणारे 'नेरोन' नाही म्हणत, 'नेरो' म्हणतात. शेवटचा न गेला. न म्हणजे ५०. सहाशे सहासष्टमधून पन्नास वजा करा!

नीरोच्या काळात, इसवी सन ६४ मध्ये रोम जळलं आणि त्याचं खापर ख्रिश्चनांवर फोडून त्यांना हाल हाल करून मारलं गेलं. नंतरही रोमची दहशत होतीच. अशा वेळी जुलमी सम्राटाचं नाव उघड लिहिणं म्हणजे मान आपणहून पुढे करणं. आकडा लिहिला तर आपल्यातल्या लोकांना कळतं आणि शिपायाला कळत नाही. तो पासवर्ड होता हो. आपण त्याला भूत करून टाकलं.

त्याच ग्रीक हिशेबाने येशूच्या नावाची बेरीज ८८८ येते. सात दिवसांचा आठवडा संपल्यावरचा आठवा दिवस म्हणजे नवी सुरुवात, येशू पुन्हा उठला तो दिवस. युरोपातली बाप्तिस्म्याची जुनी घरं अष्टकोनी असतात, फ्लॉरेन्सचं तर प्रसिद्धच आहे, त्यामागे हाच आठ आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जाळ्यात नेमके १५३ मासे येतात. संत ऑगस्टीनने दाखवून दिलं की १ ते १७ ची बेरीज १५३ होते आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा अधिक आत्म्याची सात दानं. (सॉफ्टवेअरवाल्यांसाठी : १, ५ आणि ३ यांचे घन मिळवून बघा.) मला विचाराल तर इथे संतमहाराज जरा जास्तच ताणतात.

मला स्वतःला दुसऱ्या जातीचे आकडे आवडतात. कोडी न घालणारे, पण माणसाला कामाला लावणारे. किंवा कामावरून उठवणारे!

सात घ्या. देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी थांबला, म्हणून तुम्हीही थांबा. आणि फक्त तुम्ही नाही. आज्ञेत स्पष्ट आहे की तुमचा नोकर, दासी, गाढव, बैल, दारातला परका माणूस, सगळ्यांनी थांबायचं. म्हणजे बॉस गोव्याला आणि टीम डेडलाइनला, हे चालत नाही. कोकणात याचा एक अस्सल मराठी पुरावा आहे. बेने इस्रायलींची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि वाचले ते सात पुरुष आणि सात बायका. (पुन्हा सात! इतिहासकार इथे भुवई उंचावतात, पण ते असो.) पोथ्या बुडाल्या, भाषा मराठी झाली, धंदा तेलाच्या घाण्याचा. पण शनिवारी घाणा बंद. गावातल्या इतर तेल्यांचा चालू, यांचा बंद. शेजाऱ्यांनी नाव पाडलं, 'शनवार तेली'. जवळजवळ सगळं विसरलेल्या एका जमातीची ओळख एका सुटीने शाबूत ठेवली.

ख्रिश्चनांनी ही सुटी रविवारी नेली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२१ मध्ये तसा हुकूमच काढला. आपल्याकडे मात्र गिरणी कामगारांना रविवार असा हुकमाने मिळाला नाही. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मुंबईतल्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांच्या मागणीला आधार होता तो खंडोबाच्या वाराचा, असं सांगतात. येळकोट म्हणा आणि लोळा!

सात इथेच थांबत नाही. होम लोनवाल्यांनो, नीट ऐका. दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचं आणि दिलेलं कर्ज सोडून द्यायचं, असं तोरा सांगते. सात गुणिले सात एकोणपन्नास, त्याच्या पुढचं पन्नासावं वर्ष 'योवेल', त्यात गुलाम सुटणार आणि विकलेल्या जमिनी मूळ मालकांकडे परत. वाचायला झकास. प्रत्यक्षात काय झालं? सातवं वर्ष जवळ आलं की सावकार कर्ज देईनासे झाले आणि अडचण झाली ती गरिबाचीच. शेवटी हिल्लेल या गुरूने तोडगा काढला. 'प्रोझबुल' नावाचा एक कागद करून कर्ज कोर्टाच्या हवाली करायचं, म्हणजे ते बुडत नाही. कर्जमाफी गेली, कर्ज मिळू लागलं. शेती पडीक ठेवण्याचा भाग मात्र इस्रायलमध्ये अजूनही अनेकजण पाळतात, २०२१-२२ हे तसं वर्ष होतं.

चाळीसबद्दल फार सांगत नाही, कारण तो आपण सगळ्यांनी भोगलाय. नोहाच्या वेळचा पाऊस चाळीस दिवस, मोशे डोंगरावर चाळीस दिवस, लोकांची वाळवंटातली पायपीट चाळीस वर्षं, येशूचा उपवास चाळीस दिवस. पुरेपूर वाट बघणं म्हणजे चाळीस. वसईत राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा उपवासकाळ ईस्टरपर्यंत मोजलात तर ४६ दिवस भरतात, कारण मधले सहा रविवार धरत नाहीत. आणि प्लेगच्या काळात बंदरात आलेली जहाजं आधी तीस आणि पुढे चाळीस दिवस बाजूला उभी करायचे, त्या 'चाळीस'च्या व्हेनिशियन शब्दावरून आला क्वारंटाइन. २०२० मध्ये आपण बायबलमधलाच आकडा मोजत होतो, फक्त आपले दिवस चौदा होते.

नऊ तर मुंबईकराला ट्रॅफिकमुळे माहीत असतो. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चपाशी गाडी का अडकते? नोव्हेना. १९४८ पासून तिथे दर बुधवारी ही प्रार्थना होते आणि नऊ बुधवार सलग जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. येशू स्वर्गात गेला तो ईस्टरनंतरचा चाळिसावा दिवस, पवित्र आत्मा उतरला तो पन्नासावा. मधले नऊ दिवस शिष्य आणि मरिया एकत्र प्रार्थना करत बसले होते, ते हे नऊ.

आता दहा.

अब्राहाम आणि देव यांची बायबलमध्ये एक जबरदस्त घासाघीस आहे. देव सदोम शहर नष्ट करायला निघालाय. अब्राहाम विचारतो, तिथे पन्नास भली माणसं असली तर? देव म्हणतो, सोडीन. पंचेचाळीस असली तर? चाळीस? तीस? वीस? आपल्या मंडईत उभं करावं असा माणूस! पण दहावर येऊन तो थांबतो. त्याच्याखाली मागत नाही. दहाच्या खाली माणसं असतात, समाज नसतो, असा याचा अर्थ पुढे अनेकांनी लावला.

ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात, त्याला 'मिन्यान' म्हणतात. (काही आधुनिक पंथ बायकांनाही धरतात.) नऊ महापंडित चालत नाहीत, दहा साधे चालतात. दहावा आला नाही तर तोरा बाहेर काढून वाचता येत नाही. कद्दीश म्हणता येत नाही. कद्दीश म्हणजे गेलेल्या आईवडिलांसाठी मुलगा म्हणतो ती प्रार्थना. ती एकट्याने म्हणायची नसते.

आणि गंमत अशी, की आकड्यांवर एवढा जीव असलेले हे लोक माणसं मोजताना आकडे वापरत नाहीत. माणसांची गणती करणं अशुभ मानतात. दाविद राजाने शिरगणती केली आणि रोगाची साथ आली, अशी कथाच आहे. म्हणून जुन्या काळी प्रत्येकाकडून अर्धा शेकेल घ्यायचे आणि नाणी मोजायचे. सिनेगॉगमध्ये दहा शब्दांचं एक वचन म्हणतात, एकेका माणसामागे एकेक शब्द. वचन पूर्ण झालं की मिन्यान झालं.

अलिबागला बीचवर जाताना इस्रायल आळीकडे वळलात तर १८४८ चं 'मागेन आबोथ' सिनेगॉग दिसेल. १९४८ नंतर बेने इस्रायली मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. एकेकाळी वीसेक हजारांच्या घरात असलेली ही जमात आता भारतात जेमतेम चार-पाच हजार उरलीय, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्याकडे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पण सरकारी कागद मिन्यानमध्ये धरत नाहीत. कोकणातल्या सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी ते वचन सुरू होतं, आणि अनेकदा शब्द उरतात, माणसं संपतात. मग जो तो आपापली प्रार्थना मनात म्हणतो. कद्दीश राहून जातं.