शंभर मावळ्यांची फौज दोन दिवसांत

पाचोड (ता. पैठण) : दिवाळीची सुटी लागली की अंगणांत आणि सोसायट्यांच्या आवारांत दगडमातीचे किल्ले उभे राहू लागतात. बुरूज, तटबंदी, अळीव पेरून केलेली हिरवळ हे सारे एक-दोन दिवसांत आटोपते. काम अडते ते फौजेपाशी. बाजारातील रंगवलेली चित्रे महाग पडतात म्हणून कोऱ्या मूर्ती आणल्या जातात किंवा साच्यातून घरीच काढल्या जातात. पहिले दहा-बारा मावळे मन लावून रंगवले जातात. उरलेले मात्र लक्ष्मीपूजन उलटले तरी पांढरेच राहतात.

ही अडचण केवळ मुलांची नाही. टेबलावर चिमुकल्या सैनिकांची लढाई मांडण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट राइसवित्झ यांनी १८२४ मध्ये युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले व तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग बनला. पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम मांडले, तर १९८३ मध्ये ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीचा 'वॉरहॅमर' हा खेळ आला. अशा खेळात एकेका बाजूला शंभराच्या घरात सैनिक लागू शकतात व ते खेळाडूनेच रंगवायचे असतात. त्यामुळे अर्धवट रंगलेली फौज ही या छंदातील नेहमीची डोकेदुखी. तिच्यावर छांदिष्टांनी शोधलेले उपाय दिवाळीच्या किल्ल्यालाही तंतोतंत लागू पडतात.

साचा झटपट, रंगकाम सावकाश

एकसारख्या अनेक मूर्ती काढण्याची कला या भागाला नवी नाही. पाचोड ज्या तालुक्यात मोडते त्या पैठणला, तसेच धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे, सातवाहन काळातील केओलिन मातीच्या लहान मूर्ती सापडल्या आहेत. त्यांतील अनेक मूर्ती दुहेरी साच्याच्या आहेत. पुढची व मागची बाजू वेगवेगळ्या साच्यांत दाबून नंतर जोडायची, ही ती पद्धत. साच्यामुळे घडवण्याचा वेळ वाचतो. पण रंगकामाला साचा नसतो. तेथे हात फिरवावाच लागतो.

म्हणूनच वेग वाढवायचा तो हाताचा नव्हे, क्रमाचा. समजा, शंभर मावळे आहेत आणि प्रत्येकावर आठ रंग लावायचे आहेत. एकेक मावळा पूर्ण करीत गेल्यास आठशे वेळा रंग बदलावा लागतो व तितक्याच वेळा ब्रश धुवावा लागतो. याउलट एकच रंग शंभर मावळ्यांवर लावून मग दुसरा रंग घेतल्यास ब्रश आठच वेळा धुवावा लागतो. एका रंगाला मावळ्यामागे पंधरा सेकंद धरले, तर शंभर मावळ्यांना पंचवीस मिनिटे लागतात. आठ रंगांचे मिळून तीन तास वीस मिनिटे होतात. शिवाय शंभराव्या मावळ्यापाशी पोहोचेपर्यंत पहिला वाळलेला असतो. अस्तर, छटा व वाळण्याचा वेळ धरूनही दोन दिवसांत काम उरकते.

मोठ्या मूर्तिकामातही कामाची अशीच वाटणी असते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रंगाचे मोठे हात एकाचे, तर डोळ्यांची आखणी कसबी कारागिराची असते. घरी तीन-चार मुले असल्यास प्रत्येकाने एकेक रंग वाटून घ्यावा.

आधी अस्तर, मग छटा

प्रथम दहा-दहा मूर्ती एका लाकडी पट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवाव्यात. त्यामुळे ओल्या रंगाला बोट लागत नाही आणि पट्टी फिरवून सर्व बाजू रंगवता येतात. माती व प्लास्टर रंग शोषून घेतात. म्हणून पांढऱ्या रंगाचे अस्तर आवश्यक असते. त्यानंतर आतून बाहेर या क्रमाने जावे : आधी चेहरा व हात, मग अंगरखा व चोळणा, त्यानंतर शेला, मुंडासे, ढाल आणि शेवटी शस्त्रांची पाती.

मूळ रंग वाळल्यावर दोन युक्त्या कामी येतात. गडद तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून संपूर्ण मूर्तीवर फिरवला की तो घड्यांत व खाचांत साचतो आणि सावली आपोआप उमटते. दुसरी युक्ती कोरड्या ब्रशाची. फिका रंग ब्रशाला लावून तो कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा व उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, कडा उजळतात. ही दोन्ही कामे एकाच हातात साधावीत म्हणून गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये 'कॉन्ट्रास्ट' नावाचे खास रंग बाजारात आणले.

येथे एक खबरदारी हवी. पोस्टर रंग वाळल्यानंतरही पाण्याने विरघळतो. त्यावर पातळ रंग फिरवल्यास खालचे रंग मिसळून सारा मावळा मळकट होतो. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर विरघळत नाही. त्यामुळे छटा द्यायची असल्यास मूळ रंग ॲक्रिलिकच असावा.

काय रंगवू नये?

वेगाचे खरे रहस्य मात्र वगळण्यात आहे. किल्ला पाहणारा उभा राहून पाहतो; बोटभर मावळ्याची बुबुळे त्याला दिसत नाहीत. त्याच्या नजरेत भरतात ती मुंडाशी, चेहरे, ढाली आणि पायाखालची जमीन. सर्व मूर्तींच्या बैठकीला किल्ल्याच्या मातीचाच रंग दिला, तर निरनिराळ्या हातांनी रंगवलेले मावळेही एकाच फौजेचे वाटतात.

इतिहासही येथे मदतीला येतो. शिवकाळातील मावळ्यांना आजच्या सैन्यासारखा एकसारखा गणवेश नव्हता. त्यामुळे मुंडाशांना दोन-तीन रंग आलटून पालटून दिले तरी चुकत नाही. उलट फौज जिवंत दिसते. एखाद्याचा शेला पिवळा, दुसऱ्याचा तांबडा झाला म्हणून पुन्हा रंगवत बसण्याचे कारण नाही.

रंग निवडताना घरातील जुने डबे मात्र टाळावेत. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांबाबत ही खात्री देता येत नाही. ब्रशाचे टोक ओठांनी जुळवण्याची सवयही मुलांना लागू देऊ नये.

या पद्धतीने रंगवलेला एकेक मावळा हातात घेऊन पाहिला तर साधाच दिसेल. पण तटावर शंभर जण उभे राहिले की नजर फौजेवर ठरते. सिंहासनावरील महाराजांची मूर्ती याला अपवाद असते, कारण प्रत्येक जण तिच्याकडे वाकून पाहतो. फौजेवर वाचवलेला वेळ तिच्या डोळ्यांच्या आखणीसाठी राखून ठेवावा.