जनित्राची वेटोळी आणि त्यांची राखण

चलथाणच्या परिसरात उसाचा हंगाम सुरू झाला की सहकारी साखर कारखान्याकडे गाड्यांची रीघ लागते. साखर कारखान्यात रस काढून उरलेले चिपाड, ज्याला तेथे बगॅस म्हणतात, ते जाळून वाफ करतात. वाफेने टर्बाइन फिरते आणि त्यास जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. ही वीज खंडित झाली तर कामे अडतात, आणि तोडून पडलेल्या उसातील साखर दिवसेंदिवस घटत जाते. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा हा प्रश्न असल्यामुळे जनित्राची प्रकृती कशाने बिघडते, याचा आम्ही येथे थोडक्यात विचार करणार आहोत.

तारेच्या वेटोळ्यातील चुंबकक्षेत्र बदलले की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखविले. जनित्र याच तत्त्वावर चालते. मोठ्या जनित्रातील तांब्याच्या तारांवर अभ्रक, काचतंतू व राळ यांचे आवरण असते. तांबे सहसा बिघडत नाही. बिघडते ते हे आवरण. उष्णता, ओल, धूळ आणि कंप हे त्याचे चार वैरी होत. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की आवरणाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे.

आवरण फाटले की वीज पोलादी गाभ्यातून जमिनीकडे धाव घेते, किंवा दोन फेजांमध्ये अथवा एकाच वेटोळ्याच्या दोन फेऱ्यांमध्ये आडवाट काढते. यावर मर्झ-प्राइस ही पद्धती योजतात. वेटोळ्यात शिरणारा व बाहेर पडणारा प्रवाह यांची सतत तुलना होते. त्यांत फरक पडताच रिले ब्रेकर उघडतो. परंतु दोन फेऱ्या एकमेकींस भिडल्या तर हे दोन्ही प्रवाह सारखेच राहतात. म्हणून त्या दोषासाठी निराळा पहारा लागतो. जमिनीकडे जाणारा प्रवाह आवरण्यासाठी न्यूट्रल व भूमी यांच्यामध्ये रोधक बसवितात. त्यामुळे गाभा वितळण्याचा धोका कमी होतो. ब्रेकर उघडला तरी फिरते जनित्र स्वतःच्याच दोषाला वीज पुरवीत राहते. याकरिता त्याच क्षणी चुंबकाचा प्रवाहही तोडावा लागतो.

तथापि, उपचारापेक्षा प्रतिबंध बरा. पावसाळ्यात बंद असलेल्या यंत्राच्या वेटोळ्यांत ओल शिरते. ती टाळण्यासाठी आत लहान तापक चालू ठेवतात आणि हंगामापूर्वी मेगरने आवरणाचा रोध मोजतात. रोध कमी भरला तर वेटोळी सुकविल्यावाचून यंत्र सुरू करीत नाहीत.

बालमित्रहो, शेतावरील पंपाच्या मोटारीलाही हेच नियम लागू आहेत. मोटारीतून जळका वास आला तर तिला हात न लावता तात्काळ वडील मंडळींस सांगा, आणि त्यांनी प्रथम मुख्य स्विच बंद करावा.